हवेचा पातळ पदर

तांब्याचा गुळगुळीत ठोकळा प्रोसेसरवर ठेवला, की दोन्ही पृष्ठभाग पुरते टेकले असे आपण धरून चालतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्हीकडे डोंगरदऱ्या दिसतात. शिखरे शिखरांना टेकतात, दऱ्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता ४०० वॉट प्रतिमीटर-केल्विनच्या आसपास, हवेची अवघी ०.०२६. गोधडी उबदार असते ती अशाच कोंडलेल्या हवेमुळे. थर्मल पेस्टचे काम ही हवा हुसकावणे, एवढेच. पेस्ट स्वतः काही थोर वाहक नव्हे; तांब्याच्या शेकडा दोन-तीन भरली तरी पुष्कळ. म्हणून ‘जास्त लावले की जास्त गार’ हा समज उफराटा आहे. जाड थर दोन धातूंना दूर ठेवतो. मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. कूलरचा दाबच तो पसरवतो.

कूलर एकदा उचलला, की जुना थर फाटतो आणि पुन्हा बसवताना त्यात बुडबुडे शिरतात. तेव्हा दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट लावणे आलेच.

खरा धोका काढताना असतो. एएमडीच्या एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते आणि कूलर सरळ वर ओढला, तर सॉकेटची कडी बंद असूनही प्रोसेसर उपटून येतो, पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून बंद करावा, आणि पेस्ट कोमट असतानाच कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. बसवताना समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळावेत. बैठक तिरपी राहिली, तरी आजचा प्रोसेसर सहसा जळत नाही. आपला वेग उतरवून तगून राहतो. मालक मात्र ‘यंत्र म्हातारे झाले’ म्हणत नव्याच्या किमती विचारू लागतो.