मांजराच्या ट्रेला वास का मारतो?

बदलापुरात पाऊस लागला की खिडक्या बंद होतात, कपडे वाळत नाहीत आणि मांजर असलेल्या फ्लॅटमध्ये डोळे चुरचुरवणारा वास कोंडतो. मांजराचे ताजे मूत्र इतके उग्र नसते. जिवाणू त्यातल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, आणि ओल असली की त्यांचे फावते. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते. ते विघटित झाले की तो ओळखीचा दर्प सुटतो. नसबंदीनंतर तो बराच उतरतो.

ट्रेमध्ये घालतात त्या लिटरमधली बेंटोनाइट माती भिजली की फुगते आणि तिचा गोळा होतो. तो रोज उचला. प्रश्न फक्त वासाचा नाही. विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडत असेल, तर तो १ ते ५ दिवसांत संसर्गक्षम होतो. गरोदर बाईने हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे. मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही.

ट्रे धुताना सगळ्यात घातक सवय काळ्या फिनेलची. त्यातली फिनॉलसारखी रसायने मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. ब्लीचही नको, अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. साबण आणि गरम पाणी पुरते. ट्रे पंख्याखाली खडखडीत वाळवा.

बोका ट्रेमध्ये वारंवार बसून जोर करतोय, पण थेंबही पडत नाही, असे दिसले तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, लगेच पशुवैद्य गाठा.