चिमणीचे शिकारीचे दिवस

चिमणी म्हणजे अंगणात सांडलेले दाणे टिपणारी, हा आपला समज एरवी खराच. पण वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात परसातल्या भिंतीला एखादं लाकडी खोकं टांगा आणि त्यात पिल्लं निघाली की त्याच जोडीकडे बघा. दाण्यांकडे ढुंकून बघणं नाही! चोचीत अळ्या, नाकतोडे, कोळी. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दोन-तीन ग्रॅमचं, उघडं, आंधळं. दोनेक आठवड्यांत ते आठ-दहा पट होऊन उडायला निघतं. एवढी वाढ ज्वारीच्या दाण्यावर भागत नाही, त्याला किड्यांतली प्रथिनंच लागतात. पावसाळ्यात वीण झाली, तर शेजारच्या सोयाबीनवरची उंटअळीही या खोक्यात पोचू शकते.

पिल्लांचे डोळे उघडायला चार-पाच दिवस लागतात. मग घास आला हे कळतं कसं? आई दारात उतरली की खोकं किंचित हादरतं, तिचा आवाज येतो. तेवढ्यावर सगळ्या माना एकदम ताठ होतात. वासलेल्या चोचींच्या कडा पिवळ्याधमक. अंधारात घास नेमका कुठे कोंबायचा, ते या कडांवरून कळतं. घास गिळला की पिल्लू शेपटाकडची बाजू वर करतं. विष्ठा बाहेर येते ती पांढऱ्या पातळ पिशवीत बंद होऊन. निसर्गाचा डायपरच म्हणा! आई किंवा बाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. दुर्बीण असेल तर हे जरूर बघा, पण खोकं उघडून डोकावू नका.

पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस त्यांना भरवावं लागतं. ते काम बरेचदा बापावर पडतं, कारण तोवर मादी पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागलेली असते.

या साऱ्यात खरी किंमत घरट्याच्या भोकाची. नर आधी भोक ताब्यात घेतो आणि मग दारात बसून चिवचिवत मादीला बोलावतो. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी, 1906-07 च्या सुमारास, तबेल्याच्या भिंतीतल्या एका घरट्यावरचे नर छऱ्याच्या बंदुकीने टिपले होते. सात दिवसांत आठ नर पडले आणि दर वेळी मादीपाशी नवा नर हजर! आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या पोरवयातल्या नोंदीत केवढं निरीक्षण आहे.

कवेलूंची घरं गेली, स्लॅब आले, तशा वळचणीच्या फटीही गेल्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने चिमण्यांसाठी घरटी आणली. 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिनही होतो. खोक्याचं भोक साधारण 32 मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. पत्र्याचं खोकं मात्र नकोच. वैशाखात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, आतली पिल्लं भाजून निघतील. लाकडी खोकं, आठ-दहा फुटांवर, दुपारनंतर सावलीत येणाऱ्या भिंतीला.