रंगत गणाची, कात्रीही गणालाच

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. चैत्रातील यात्रांच्या सुपाऱ्यांसाठी येथे फडांच्या राहुट्या पडतात; जुन्नर-आंबेगावचे गावकारभारी येथूनच तमाशा ठरवितात. राज्य शासनाचा तमाशा जीवनगौरव पुरस्कार ज्यांच्या नावे दिला जातो, त्या विठाबाई (१९३५-२००२) याच गावच्या.

गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम. आमच्या मते त्यात सरस गणच. शाहिराने चढ्या पट्टीत सूर लावावा, ढोलकी-तुणतुण्याने साथ द्यावी आणि सुरत्यांनी झील उचलावी, ही रंगत ध्वनिफितीत सापडत नाही. चित्रपटगीतांची फर्माईश वाढली, की कात्री मात्र प्रथम गणालाच लागते. तेव्हा सुपारी देतानाच पूर्ण गणाची अट घालावी. फड अखेर श्रोत्यांची मागणीच पुरवितो.