लिटरचा भाव नको, किलोमीटरचा काढा: गाडीत सिंथेटिक ऑइल टाकायचं की साधं?



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये गाडीच्या खर्चाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. "सर, सर्व्हिसिंगला गाडी नेली की मेस्त्री विचारतो, सिंथेटिक टाकू की साधं? सिंथेटिक दुप्पट महाग. काय सांगायचं?"

बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देतात. "स्वस्तातलं टाक" किंवा "भारीतलं टाक". दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, कारण दोन्हींत हिशेब नाही. आणि हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये, स्वतःच्या खिशातून पैसे भरून शिकलोय.

आधी माझी चूक ऐका

काही वर्षांपूर्वी मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. १,४०,००० किलोमीटर पळालेली. गावोगावी कार्यशाळा घ्यायच्या, त्यामुळे गाडी हेच माझं दुकान. मेस्त्री म्हणाला, "साहेब, पुस्तिकेत दिलंय ते साधं ऑइल टाकू, आणि वेळेवर बदलत जाऊ." मला वाटलं, हा जुन्या वळणाचा माणूस. मी सांगितलं, "सगळ्यात भारी सिंथेटिक टाक. आता पंधरा हजार किलोमीटर बघायला नको."

आणि मी खरंच बघितलं नाही. एकदाही बॉनेट उघडून डिपस्टिक काढली नाही.

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. तिथे तीस माणसं वाट बघत होती. खंबाटकी घाट चढताना डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. मी मनात म्हटलं, घाट संपू दे, वर जाऊन बघू. दोन-तीन मिनिटांत इंजिनातून खडखड सुरू झाली. गाडी बाजूला घेतली ती टोचन लावूनच परत आणली. मेस्त्रीने ड्रेन बोल्ट उघडला तर पाच लिटरच्या इंजिनात जेमतेम दीड लिटर ऑइल निघालं. जुनं इंजिन हळूहळू ऑइल पीत होतं आणि मी महागड्या डब्याच्या भरवशावर निवांत होतो. बेअरिंग गेली होती. बिल झालं ६८,००० रुपये. कार्यशाळा रद्द झाली ती वेगळीच.

यात ऑइलचा काही दोष नव्हता. दोष माझ्या समजुतीचा होता. महाग वस्तू घेतली म्हणजे देखभालीतून सुटका झाली, ही ती समजूत. धंद्यात हीच चूक आपण सॉफ्टवेअर घेताना करतो, मशीन घेताना करतो, मॅनेजर ठेवतानाही करतो.

दोन्हींत फरक काय, सोप्या भाषेत

साधं म्हणजे मिनरल ऑइल. कच्च्या तेलाचं शुद्धीकरण करून ते बनतं. त्यातले रेणू लहान-मोठे, सरमिसळ असतात. उष्णतेत हलके रेणू उडून जातात आणि ऑइल लवकर जाड व्हायला लागतं.

सिंथेटिकमध्ये हे मूळ तेल रासायनिक प्रक्रियेने घडवलेलं असतं, त्यामुळे रेणू बरेचसे एकसारखे. ते उष्णतेत जास्त टिकतं, कमी उडतं आणि थंड इंजिन चालू केल्यावर पटकन वरपर्यंत पोहोचतं. सेमी-सिंथेटिक म्हणजे दोन्हींचं मिश्रण. पण मिश्रणात कशाचं प्रमाण किती, हे डब्यावर बहुधा लिहिलेलं नसतं.

दोन्ही प्रकारांत मूळ तेलाशिवाय आणखी काही रसायनं घातलेली असतात. मळ धुणारी, काजळी तरंगत ठेवणारी, झीज रोखणारी. ही रसायनं दोन्हींत हळूहळू संपतात. म्हणूनच "सिंथेटिक कधी खराब होत नाही" हे खोटं आहे.

अमेरिकेतल्या एएए या मोटारधारकांच्या संस्थेने २०१७ साली चाचण्या केल्या, तेव्हा सिंथेटिक ऑइल साध्यापेक्षा सरासरी जवळपास ४७ टक्के सरस ठरलं. म्हणजे माल चांगला आहे, यात वाद नाही. पण हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचा आहे. तुमचं इंजिन ४७ टक्के जास्त टिकेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक गंमत. "सिंथेटिक" हा शब्द डब्यावर दिसला म्हणजे आतलं तेल एकाच जातीचं असतं असंही नाही. अतिशय शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणायचं का, यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने म्हणता येईल, असा निर्णय दिला. म्हणून डब्यावरचा मोठा शब्द वाचून थांबू नका, खालची बारीक अक्षरं वाचा.

पहिला प्रश्न: गाडी काय मागते?

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात धूळ खात पडलेली असते. ती काढा. त्यात तीन गोष्टी शोधा.

१. ग्रेड. म्हणजे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० असा आकडा. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनात ते किती जाड राहतं ते सांगतो. आपल्याकडे "जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल" असं अजूनही मानतात. नव्या इंजिनांतल्या वाटा बारीक असतात, त्यांच्यासाठी पातळ ऑइलच ठरवलेलं असतं. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं तर मायलेज पडेल आणि इंजिनालाही त्रास होईल.

२. दर्जा. पेट्रोल गाडीसाठी एपीआय एसएन, एसपी अशी अक्षरं असतात. एसपी हा दर्जा २०२० साली आला. डिझेलसाठी सीआय-४, सीके-४ अशी अक्षरं दिसतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर असेल तर कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. चुकीचं ऑइल टाकलं तर तो फिल्टर तुंबतो, आणि तो फार महाग असतो.

३. अंतर आणि मुदत. किती किलोमीटर किंवा किती महिने, यापैकी जे आधी येईल ते.

पुस्तिकेत दिलेला ग्रेड आणि दर्जा फक्त सिंथेटिकमध्येच मिळत असेल तर विषय संपला. ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ग्रेडचं आणि बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांचं असंच असतं. टर्बोचं बेअरिंग प्रचंड तापतं, तिथे कमकुवत ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. अशा गाडीत पैसे वाचवायला जाऊ नका. वॉरंटी चालू असेल तर ऑइलची बिलंही जपून ठेवा.

दुसरा प्रश्न: तुमची गाडी पळते किती?

पुस्तिकेला दोन्ही चालत असतील, तरच हिशेबाची गरज. वही घ्या. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावातले भाव टाका.

समजा इंजिनात ३.५ लिटर ऑइल लागतं. साधं ३५० रुपये लिटर, सिंथेटिक ७५० रुपये लिटर. फिल्टर आणि मजुरी मिळून ४५० रुपये. साधं ५,००० किलोमीटरला बदलायचं, सिंथेटिक १०,००० ला.

साधं: १,२२५ अधिक ४५० म्हणजे १,६७५ रुपये. किलोमीटरला साडेतेहतीस पैसे.
सिंथेटिक: २,६२५ अधिक ४५० म्हणजे ३,०७५ रुपये. किलोमीटरला पावणेएकतीस पैसे.

बघा, लिटरला दुप्पट महाग वाटणारं ऑइल किलोमीटरला स्वस्त निघालं!

आता टूर्सवाल्या मित्राचं उदाहरण घेऊ. गाडी वर्षाला ४०,००० किलोमीटर पळते. साधं ऑइल आठ वेळा बदलायचं, १३,४०० रुपये. सिंथेटिक चार वेळा, १२,३०० रुपये. ऑइलमध्ये वाचले १,१०० रुपये. पण गॅरेजच्या चार फेऱ्याही वाचल्या. प्रत्येक फेरीत अर्धा दिवस जातो आणि अर्ध्या दिवसाला ७५० रुपये सुटतात असं धरलं, तर आणखी ३,००० रुपये. एका गाडीमागे वर्षाला ४,१०० रुपये. तीन गाड्या असतील तर १२,३०० रुपये. याने सिंथेटिक घ्यावं.

दुसरं उदाहरण दुकानदार ताईंचं. दुकान घराजवळ, गाडी वर्षाला फक्त ५,००० किलोमीटर. मुदत वर्षाची, म्हणजे ऑइल कुठलंही असो, वर्षातून एकदा बदलायचंच. साध्याचे १,६७५, सिंथेटिकचे ३,०७५. पुस्तिकेला साधं चालत असेल तर ताईंनी १,४०० रुपये जास्त घालवायचं कारण काय? त्यांनी साधंच टाकावं, फक्त वर्षाची तारीख चुकवू नये. रोज दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचतं. कमी पळणाऱ्या गाडीचं ऑइलही खराब होतं, हे विसरू नका.

आणि पुस्तिकेत दोन्हींना एकच अंतर दिलं असेल, तर सिंथेटिक घेतलं म्हणून ते अंतर आपल्या मनाने वाढवायचं नाही. मग हिशेब साध्याच्या बाजूने झुकतो. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, अंतर पुस्तिकेतलंच.

तिसरा प्रश्न: गाडी राबते कशी?

बऱ्याच पुस्तिकांत खडतर वापरासाठी वेगळा तक्ता असतो. धुळीचे रस्ते, कायम ट्रॅफिकमध्ये थांबत जाणं, भरपूर माल, घाट. आपल्या धंद्याच्या गाड्या बहुतेक याच तक्त्यात बसतात. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचं मीटर पळत नाही, पण इंजिन चालूच असतं. अशा वेळी अंतर कमी करायचं, मग ऑइल कुठलंही असो. इंजिन सतत तापत असेल तर सिंथेटिककडे झुकलेलं बरं.

सीएनजीवाल्यांसाठी एक सूचना. सीएनजीत काजळी कमी, त्यामुळे ऑइल बराच काळ स्वच्छ दिसतं. रंग बघून "अजून चालेल" म्हणू नका. उष्णतेने ते आतून थकलेलं असतं.

माझ्यासारखी जुनी, ऑइल पिणारी गाडी असेल तर महागडं सिंथेटिक ओतून ते जाळण्यात अर्थ नाही. पुस्तिकेतल्या ग्रेडचं साधं ऑइल टाका, पातळी बघत राहा आणि गळती कुठे आहे ते शोधा.

दुकानात आणि गॅरेजमध्ये या चुका टाळा

- सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा, पक्कं बिल, आणि डबा आपल्यासमोर फोडायचा.
- रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला भोक पाडा. असेच डबे बनावट ऑइल भरायला वापरले जातात.
- ऑइल बदललं की फिल्टरही बदला. जुन्या फिल्टरमधलं घाण तेल नव्यात मिसळतं.
- वाटेत ऑइल कमी पडलं तर सिंथेटिकमध्ये साधं टाकून घरी येता येतं, इंजिन बिघडत नाही. पण मग पुढचा बदल साध्याच्या हिशेबाने करा.
- कारचं उरलेलं ऑइल डिलिव्हरीच्या मोटारसायकलमध्ये ओतू नका. तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. तिला जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं ऑइल लागतं.
- जळकं ऑइल गटारात नाही, जमिनीवर नाही. ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्यालाच गेलं पाहिजे.

आजच करायचं काम

व्हिडिओ बघून, लेख वाचून काही होत नाही, कृती केली तरच होतं. म्हणून आज फक्त तीन कामं करा.

एक, पुस्तिका काढून ग्रेड, दर्जा आणि अंतर एका कागदावर लिहा आणि तो कागद बॉनेटच्या आत चिकटवा. मेस्त्रीलाही दिसेल, ड्रायव्हरलाही दिसेल.

दोन, खर्चाच्या वहीत ऑइलचं वेगळं पान करा. तारीख, किलोमीटर, कुठलं ऑइल, किती पैसे, पुढचा बदल कधी. वर्षाखेरीला किलोमीटरचा भाव आपोआप निघेल.

तीन, दर सोमवारी सकाळी गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून बघायची. पुसायची, परत घालायची, परत काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे. माझी ती दोन मिनिटं ६८,००० रुपयांना पडली.

आणि लाल दिवा लागला तर? गाडी बाजूला घ्या, इंजिन तिथल्या तिथे बंद करा. घाट संपायची वाट बघू नका.

त्या कार्यशाळेला मी महिन्याभराने पुन्हा गेलो. तीसपैकी अकरा जण आले. बाकीच्यांना मी दोष देत नाही. इंजिन पैसे देऊन दुरुस्त होतं, दिलेली वेळ चुकली की गेलेला विश्वास असा बिल भरून परत येत नाही.

चला, वही काढा. पुढच्या भागात टायरचा हिशेब करू.