‘मढ’ टाकलं आणि यादी रिकामी आली

मालाड स्टेशनवरून निघालेली २७१ नंबरची बस मार्वे, अक्सा, एरंगळ करत मढ जेट्टीला पोचते. या रस्त्यालगतच्या बऱ्याच बंगल्यांत माणसं कमी आणि मालिका जास्त राहतात. शूटिंगसाठी जागा शोधणारा लोकेशन मॅनेजर हल्ली आधी फोनवर यादी उघडतो, मग बसतो गाडीत. समजा, अशा बंगल्यांची यादी तुम्ही जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये बनवायला घेतली आहे. जँगोचा जन्म २००३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि २०११ च्या १.३ आवृत्तीपासून त्यात लिस्टव्ह्यू आला. मॉडेलचं नाव द्या, पानावर किती नोंदी हव्यात ते सांगा, यादी तयार. इथवर सगळं सुरळीत असतं. वर शोधाचा एक रकाना जोडला की गडबडी सुरू होतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी ठरावीक गैरसमज असतात.

गैरसमज : फॉर्म आहे म्हणजे पोस्टच लावायचं

ट्युटोरियलमध्ये पहिला फॉर्म शिकवतात तो नोंद भरण्याचा. त्यात पोस्ट असतं, खाली सीएसआरएफ टोकन असतं. तीच सवय शोधाच्या फॉर्मला लागते. बटण दाबलं की पडद्यावर ४०५. कारण साधं आहे. लिस्टव्ह्यूमध्ये ‘गेट’ ही मेथड लिहिलेली आहे, ‘पोस्ट’ लिहिलेलीच नाही, त्यामुळे जँगो दारातूनच परत पाठवतो. मग काही जण स्वतः ‘पोस्ट’ मेथड लिहून तिच्यातून ‘गेट’ला बोलावतात आणि प्रश्न सुटला असं धरून चालतात. ४०५ जातो हे खरं, पण चूक तिथेच राहते.

शोध काही बदलत नाही, फक्त वाचतो. वाचण्याच्या विनंतीसाठी गेट आहे. गेटने शोध केला की विचारलेलं सगळं पत्त्यात येतं. ‘एरंगळ, तीन खोल्या, भाडं पन्नास हजारांपर्यंत’ एवढी निवड करून लोकेशन मॅनेजर तीच लिंक दिग्दर्शकाला व्हॉट्सअॅपवर टाकू शकतो, आणि त्यालाही तीच यादी दिसते. पोस्टमध्ये लिंक गेली तरी उघडते ती शोध न लागलेली पूर्ण यादी. शिवाय पान रिफ्रेश केलं की ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का’ म्हणून ब्राउझर विचारत बसतो. शोधलेलं पान बुकमार्क करता येत नाही अशी सरकारी संकेतस्थळं ज्यांनी वापरली आहेत त्यांना हा वैताग नवा नाही.

गेटच्या फॉर्ममध्ये टोकनचा टॅग ठेवू नका. त्याची गरज नसतेच. उलट ते पत्त्यात चिकटून लिंकबरोबर भलतीकडे जातं.

याच्या जोडीला आणखी एक समजूत आहे : पोस्ट सुरक्षित, गेट असुरक्षित. वाटेतल्या चोरट्यांचं म्हणाल तर एचटीटीपीएस असेल तेव्हा दोन्ही झाकलेले, नसेल तेव्हा दोन्ही उघडे. फरक माग राहण्याचा आहे. गेटचा पत्ता ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जसाच्या तसा राहतो. म्हणून मालकाच्या मोबाइल नंबरवरून किंवा आधार क्रमांकावरून शोधायची सोय गेटने देऊ नये. बंगल्याचं नाव, गाव आणि भाडं यांत लपवण्यासारखं काही नाही.

गैरसमज : एकाच रकान्यासाठी फॉर्म क्लास कशाला?

‘रिक्वेस्ट’मधल्या गेटच्या शब्दकोशातून चौकोनी कंस लावून किंमत उचलायची, भाड्याला ‘इंट’ लावायचा, संपलं. हे चालतं, पण लिहिणाऱ्याच्याच फोनवर. कुणी शोध न करता नुसती यादी उघडली की ती किल्लीच नसते, आणि पान ५०० देऊन कोसळतं. भाड्याच्या जागी ‘पन्नास हजार’ अक्षरी लिहिलं की पुन्हा तेच. एखाद्या बॉटने मजकुरात शून्य बाइट घातला तर पोस्टग्रेस डेटाबेसपर्यंत पोचून चूक उडते. फॉर्मचा कॅरफील्ड ही गोष्ट आधीच अडवतो, आणि मागचीपुढची रिकामी जागाही स्वतःहून छाटतो. फोनच्या कीबोर्डने शब्दानंतर आपोआप घातलेली जागा किती शोध वाया घालवते ते लॉग बघितल्याशिवाय कळत नाही.

फॉर्म क्लास घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. रकाने सक्तीचे नाहीत असं स्पष्ट लिहा, नाहीतर गाव न निवडता नुसतं भाडं भरणाऱ्याला ‘हा रकाना आवश्यक आहे’ म्हणून दटावणी मिळेल. आणि फॉर्म अवैध ठरला तर काय दाखवायचं ते आधी ठरवा. माझं मत : पूर्ण यादी दाखवू नये. भाड्यात ‘५०,०००’ असा स्वल्पविराम घातल्यामुळे फॉर्म नापास झाला आणि खाली दोन लाखांचे बंगले आले, तर माणूस तुमच्या यादीवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. रकान्याखाली चूक सांगावी आणि यादी रिकामी ठेवावी. त्याहून बरं म्हणजे स्वल्पविराम आपणच काढून टाकावा. भाडं तसं लिहिणं ही काही चूक नाही.

फॉर्म बनवायचा कुठे, यावरही वाद ऐकू येतात. लिस्टव्ह्यू आधी ‘गेट क्वेरीसेट’ चालवतो, मग ‘गेट कॉन्टेक्स्ट डेटा’. म्हणून फॉर्म पहिल्या ठिकाणी बनवून ‘सेल्फ’वर ठेवावा आणि दुसऱ्या ठिकाणी तोच टेम्प्लेटला द्यावा. एकाचा शोध दुसऱ्याला दिसेल ही भीती इथे खोटी आहे, कारण ‘अॅज व्ह्यू’ दर विनंतीला नवा ऑब्जेक्ट घडवतो. ती भीती खरी ठरते तुम्ही शोध क्लासच्या अंगावर किंवा मोड्यूलमधल्या एखाद्या यादीत साठवलात तर. सेशनमध्ये साठवलात तर वेगळीच गंमत : एकाच माणसाने दोन टॅब उघडले की एका टॅबचा शोध दुसऱ्यात घुसतो.

गैरसमज : शोधाच्या रकान्यातून डेटाबेस फुटतो

ही भीती जुन्या काळातली आहे. तेव्हा क्वेरी तुकडे जोडून लिहिली जायची. जँगोच्या ‘फिल्टर’मधून गेलेली किंमत क्वेरीत मिसळत नाही, वेगळी पाठवली जाते. ‘आयकंटेन्स’मध्ये टक्क्याचं चिन्ह किंवा अधोरेषा आली तरी जँगो त्यांना साधी चिन्हंच मानतो. शोधलेला शब्द पानावर परत दाखवतानाही टेम्प्लेट त्यातले टॅग निष्प्रभ करतं. मात्र कुणीतरी ‘सेफ’ फिल्टर लावून ठेवलेला नसावा.

धोका खरा आहे तो दुसरीकडे, आणि तिथे कुणी बघत नाही. ‘भाड्यानुसार लावा, नावानुसार लावा’ ही सोय देताना पत्त्यातलं क्रमाचं नाव थेट ‘ऑर्डर बाय’ला दिलं जातं. मग पत्ता हाताने बदलून कुणीही मालकाच्या फोनच्या रकान्यावर यादी लावू शकतो आणि क्रमावरून अंदाज बांधू शकतो. चालणाऱ्या नावांची छोटी यादी करावी. त्याबाहेरचं काही आलं तर नेहमीचा क्रम वापरावा.

गैरसमज : पानं पाडली की शोध आपोआप पुढे जातो

जात नाही. ‘पुढचं पान’ या दुव्यात नुसतं ‘पेज इज इक्वल टू दोन’ लिहिलं की पत्त्यातलं बाकी सगळं पुसलं जातं. एरंगळचे बंगले बघणारा दुसऱ्या पानावर थेट मार्वेला उतरतो. पूर्वी गेटच्या शब्दकोशाची नक्कल करून, त्यात पान बदलून दुवा बांधावा लागायचा. २०२४ च्या ५.१ आवृत्तीपासून यासाठी ‘क्वेरीस्ट्रिंग’ हा टॅगच आला आहे. तो वापरा.

उलटी चूकही होते. पान क्रमांक लपवलेल्या रकान्यात ठेवून फॉर्मबरोबर पाठवला, तर चौथ्या पानावरून नवा शोध केल्यावर निकाल तीनच असतात आणि लिस्टव्ह्यू ४०४ देतो. नवा शोध नेहमी पहिल्या पानापासून सुरू व्हायला हवा.

आणि हो, पडद्यावरच्या ओळी जावास्क्रिप्टने लपवून ‘शोध’ केला तर तो शोध त्या एका पानापुरताच असतो.

गैरसमज : आयकंटेन्स लावलं, मराठी शोध झाला

इथे जरा थांबायला हवं. आतापर्यंतच्या चुका जगभर होतात आणि त्यांची उत्तरंही जगभर मिळतात. ही आपली आहे.

‘आयकंटेन्स’ लहान-मोठ्या लिपीतला फरक विसरतं. देवनागरीत तो फरकच नाही, म्हणजे मराठीला त्याचा उपयोग शून्य. आपल्या अडचणी वेगळ्या आहेत. बंगल्याच्या वर्णनात ‘किनाऱ्याजवळ’ असं लिहिलंय आणि शोधणाऱ्यानेही ‘किनाऱ्याजवळ’च टाइप केलंय, तरी निकाल शून्य. दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एका कीबोर्डने त्यातला अर्धा र ‘ऱ’ हे अक्षर, हलन्त आणि य असा साठवला, आणि दुसऱ्याने साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि मग य असा. डेटाबेसच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, ‘र अधिक नुक्ता’चा ‘ऱ’ करून देतं, पण जोडकाला हात लावत नाही. तो बदल आपल्यालाच लिहावा लागतो.

मढचं तर नावच घोटाळ्याचं. मराठीत मढ, हिंदी सवयीने कुणी नुक्ता देऊन मढ़ लिहितं, कुणी सरळ मड. नुक्त्याचा ढ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठतो : एक सलग अक्षर म्हणून, किंवा ढ आणि नुक्ता असे दोन तुकडे करून. एनएफसीने दोन्हींचे तुकडेच होतात. मग ‘मढ’ शोधणाऱ्याला ‘मढ़’ सापडतं, पण ‘मढ़’ शोधणाऱ्याला ‘मढ’ सापडत नाही. उपाय म्हणजे शोधापुरता नुक्ता काढून टाकणं. मात्र क्रम पाळा : आधी एनएफसी, मग नुक्ता. उलट केलंत तर जिथे ‘ऱ’ दोन तुकड्यांत आला असेल तिथे त्याचा साधा र होईल आणि ‘किनाऱ्या’चं ‘किनार्या’ होऊन बसेल.

आकड्यांचंही तसंच. पायथनचा ‘इंट’ देवनागरी ‘५००००’ बिनतक्रार वाचतो, त्यामुळे भाड्याच्या रकान्यात अडत नाही. पण मजकुरात ‘बंगला क्र. १२’ आहे आणि शोधणाऱ्याने इंग्रजी आकड्यांत बारा लिहिले तर जुळत नाही. युनिकोडचं कुठलंही प्रमाणीकरण हे आकडे बदलून देत नाही. दहा आकड्यांचा तक्ता आपण लिहायचा.

हे सगळं मूळ मजकुरात करू नये, तो मालकाने लिहिला तसाच दिसला पाहिजे. शोधासाठी एक वेगळा रकाना ठेवा, नोंद साठवताना तो स्वच्छ केलेल्या मजकुराने भरा, आणि शोधणाऱ्याचा शब्दही त्याच फंक्शनमधून काढा. एक खाचखळगा लक्षात असू द्या : ‘बल्क क्रिएट’ किंवा क्वेरीसेटवरचं ‘अपडेट’ वापरलं की ‘सेव्ह’ चालत नाही आणि हा रकाना शिळा राहतो.

यापुढे येतं व्याकरण. ‘एरंगळ’ शोधलं तर ‘एरंगळच्या’ सापडतं, कारण शब्द आतून बदलत नाही. ‘वेसावे’ शोधलं तर ‘वेसाव्याच्या जेट्टीवरून पाच मिनिटं’ हे वर्णन सापडत नाही. ‘किनारा’ शोधलं तर ‘किनाऱ्याला लागून’ निसटतं. सामान्यरूप ‘आयकंटेन्स’ला कळणार नाही, आणि पोस्टग्रेसच्या पूर्णमजकूर शोधात शब्दाचं मूळ ओळखण्याची अंगभूत सोय हिंदी, नेपाळी, तमिळला आहे, मराठीला नाही. त्यात मढसमोरच्या खाडीपलीकडचं गाव गावकऱ्यांसाठी वेसावे आणि पाटीवर वर्सोवा. पिनकोडवरून शोधावं तर ४०००६१ खाडीच्या दोन्ही बाजूंना. बोटीने पलीकडे जायला काही मिनिटं लागतात, पण जनरेटर व्हॅन घेऊन निघालेल्या युनिटला मालाडचा वळसा घ्यावा लागतो. त्याला ही दोन गावं एकाच यादीत मिसळलेली मुळीच नको असतात.

अशा यादीला मोठं शोधयंत्र जोडायचा मोह होतो. शे-दोनशे बंगल्यांसाठी त्याची काही गरज नाही. गाव हा मजकूर ठेवूच नका. मार्वे, अक्सा, एरंगळ, भाटी, मढ, वेसावे अशी निवड द्या आणि बाकीचे उच्चार प्रत्येक गावाच्या नोंदीत पर्यायी नावं म्हणून लिहून ठेवा. मोकळ्या शोधात शब्द वेगळे करून प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे तपासा, नाहीतर ‘मढ स्विमिंग पूल’ हे तीन शब्द याच क्रमाने एकत्र असलेलं वर्णनच तेवढं मिळेल. या शोधात फोटो किंवा सोयींची जोडलेली टेबलं असतील तर ‘डिस्टिंक्ट’ लावा. एकच बंगला तीनदा दिसला की लोकांना वाटतं, तीन बंगले आहेत.

मराठी शोध पत्त्यात बसणार नाही म्हणून पोस्टकडे वळणारेही भेटतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, पत्त्यात नऊ चिन्हांचं होतं. ‘मढ’ची अठरा झाली. व्हॉट्सअॅपवर ती लिंक लांबलचक दिसते, पण उघडते बरोबर. दिसायचं दुःख असेल तर गावासाठी पत्त्यात रोमन लिपीतलं छोटं नाव वापरा.

यादी लोकांसमोर ठेवण्याआधी शोधाची चाचणी ‘व्हिला’ आणि ‘पूल’ हे शब्द घालून करू नका, ते नेहमीच सापडतात. ‘किनाऱ्याजवळ’ दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाका, ‘वेसाव्याच्या’ टाका, बारा नंबर दोन्ही आकड्यांत टाका, भाडं स्वल्पविरामासह भरा, आणि मग दुसऱ्या पानावर जाऊन बघा.