साहेब, पाहुणा आणि शेजारी



आपल्या घरातले कोणी परदेशी नोकरीला गेले की त्याचे हाल-हवाल आपण आवडीने ऐकतो. तिकडची थंडी कशी, भाजी काय मिळते, शेजारी बोलतात की नाही, अशा चौकश्या करतो. पण याच चौकश्या उलट बाजूने कराव्यात असे आपल्याला सहसा सुचत नाही. सातासमुद्रांपलीकडून कोणी आपल्याच जिल्ह्यात कामाला आला, तर त्याचा दिवस कसा जात असे? तो काय खात होता, कोणाशी बोलत होता, त्याला कोणाचा आधार होता? आजचा विषय हा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात परदेशी माणूस तीन वाटांनी आला. पहिली वाट सत्तेची. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले आणि गोरा अधिकारी आला. दुसरी वाट कापसाची. १९०३ साली यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रूळांची आगगाडी सुरू झाली. पुढे आपण तिला लाडाने 'शकुंतला' म्हणू लागलो, पण ती ब्रिटिश कंपनीची होती आणि तिच्यातून जाणाऱ्या गाठी मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांकडे जात. तिला वर्षानुवर्षे ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनले होते. ते थेट १९९४ पर्यंत राबले.

तिसरी वाट मिशनची, म्हणजे शाळा, दवाखाना आणि धर्मप्रचार यांची. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य १८८१ साली मुंबईस उतरले आणि बऱ्हाणपूर-वऱ्हाडच्या बाजूला कामास लागले. फीबीबाईंचे 'एकोज फ्रॉम भारतखंड' हे पुस्तक १९०८ चे. त्यांच्या फ्री मेथडिस्ट पंथाने पुढे यवतमाळात बस्तान बसवले. पांढरकवड्याकडील उमरी येथे इस्पितळ झाले, आणि १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. ती १९८३ साली पुण्यास हलली.

अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जाई. कंपनीचा माणूस हिशेबापुरता येई. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक मात्र दहा-दहा, वीस-वीस वर्षे राहत. म्हणून त्यांच्या दिनक्रमाकडे पाहू.

प्रथम पाणी. नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यात यवतमाळकरांचा जन्म गेला आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला समजावून सांगायला नको. निळोणा आणि चापडोह ही नावे आपल्या घराघरांत पिण्याच्या पाण्याशी जोडलेली आहेत. त्याआधीच्या काळात सगळी भिस्त विहिरीवर होती. आपल्या माणसाच्या पोटाला त्या पाण्याची लहानपणापासून ओळख असे. नवख्याच्या पोटाला ती नसे, आणि हगवण व विषमज्वर त्याला लवकर गाठत. म्हणून पाणी उकळणे, गाळणे, निववणे हे त्याच्या घरातले रोजचे पहिले काम. दूधही तसेच उकळायचे. हिवतापाची भीती वेगळीच. तो डासांमुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेस मिळाला. त्याआधी आलेली मंडळी दूषित हवेला दोष देत, संध्याकाळी खिडक्या लावून घेत आणि आत डास चावतच राहत. मच्छरदाणी आणि क्विनीन ही दोन शस्त्रे त्यांच्या सामानात असत.

मग ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की आपणही दुपारी दार लोटून पडतो. थंड देशातला माणूस आधी या दुपारच्या झोपेला आळस म्हणतो आणि पहिला उन्हाळा संपता संपता स्वतःच ती घेऊ लागतो. पहाटे उठायचे, दहाच्या आत बाहेरची कामे उरकायची, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत दुपार काढायची, दिवस कलल्यावर पुन्हा बाहेर पडायचे. हे वेळापत्रक त्याला पुस्तकाने शिकवले नाही. त्याच्या स्वयंपाक्याने आणि गाडीवानाने शिकवले. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या वाटा अशा चिखलाच्या होत की बंडीची चाके आसापर्यंत रुतत. नदीनाल्याला पूर आला की पलीकडच्या गावचा रोगी पलीकडे आणि डॉक्टर अलीकडे. अशा वेळी पाणी केव्हा ओसरेल आणि उतार कुठे मिळेल हे सांगणारा गावचाच माणूस लागे.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, साहेबाच्या बंगल्यावर पाच-सहा नोकर राबतात, काय थाट आहे! थाट होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पगाराच्या मानाने तो आणि त्याचा नोकर यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. पण दुसरी बाजूही होती. त्याला विहिरीतून पाणी काढता येत नसे. अनेक गावांत त्याने पोहऱ्याला हात लावलेला चालत नसे. भिस्तीने पखाल आणली नाही तर साहेब तहानलेला. बाजारातला भाव त्याला कळत नसे, चूल पेटवता येत नसे, ज्वारीची भाकरी थापता येत नसे. सगळ्या जिल्ह्याला औषध देणारा हा माणूस आपल्या एका दिवसाच्या जेवणासाठी चार अशिक्षित माणसांवर अवलंबून होता.

सोवळ्या घरात तो गेला तर ओसरीपर्यंत. चहाची कपबशी वेगळी ठेवलेली असे आणि तो उठल्यावर जागेवर पाणी शिंपडले जाई. विद्वान डॉक्टर असो की दयाळू शिक्षिका, शिवाशिवीच्या हिशेबात त्यांची जागा बाहेरच. मात्र त्याच्यापुरता हा अनुभव काही वर्षांचा होता आणि बोटीचे तिकीट काढले की संपत होता. आपल्याच गावातल्या अस्पृश्य ठरवलेल्या वस्त्यांना तो पिढ्यानपिढ्या भोगावा लागला आणि त्यांना कुठली बोट नव्हती. परदेशी माणसाचा दवाखाना त्या वस्त्यांना जवळचा का वाटला, याचे एक कारण यात आहे.

आता भाषा. मराठी शिकायला निघालेल्या परक्याचे पहिले भांडण लिंगांशी होते. तो दगड, ती वीट, ते घर. का, म्हणून विचारले तर आपल्यालाही सांगता येत नाही. दुसरे भांडण 'ळ'शी. उन्हाळ्यात महाबळेश्वरला मिशनऱ्यांसाठी मराठीचे वर्ग भरत. तिथे महिनाभर जीभ वळवून 'डोळा' म्हणायला शिकलेला विद्यार्थी वऱ्हाडातल्या खेड्यात येई, आणि रोगी सांगे, 'डोया दुखते, सायेब.' 'पाणी'चे 'पानी' झालेले असे ते वेगळेच. शिवाय जिल्ह्यात मराठी एकटी नाही. गोंडी आहे, कोलामी आहे, बंजाऱ्यांची गोरबोली आहे. कोणत्या पोडावर अगर तांड्यावर कोणती भाषा, हे कळायलाच एक वर्ष जाई.

पण सर्वांत अवघड धडा व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मराठीत बोलणाऱ्याला दर वाक्यात ठरवावे लागते, समोरचा माणूस माझ्यात धरायचा की वगळायचा. 'आम्ही दवाखाना बांधणार' आणि 'आपण दवाखाना बांधू' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य पैसा बाळगणाऱ्याचे आहे. दुसरे म्हणायला गावाची संमती लागते.

घराचा एकटेपणा या सगळ्याच्या मुळाशी असे. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेची टपाल तीन आठवड्यांच्या आसपास येऊ लागली. अमेरिकेची त्याहून उशिरा. आई आजारी असल्याचे पत्र वाचीपर्यंत तिचे काय झाले असेल, कोण जाणे. मुले सहा-सात वर्षांची झाली की पुष्कळांची रवानगी डोंगरावरच्या शाळेत होई. कोडाईकनालची अमेरिकन शाळा १९०१ साली याच गरजेतून निघाली. यवतमाळहून ती हजार किलोमीटरांहून दूर. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईची स्वतःची मुले वर्षातले बरेच महिने तिच्याजवळ नसत.

आणि संशय. परदेशातून येणारा पैसा आणि धर्मांतर यांविषयी लोकांच्या मनात शंका होत्या, आणि त्या सगळ्याच निराधार होत्या असे कोणी म्हणणार नाही. विदर्भ मध्यप्रदेशात असताना, १९५४ साली, तेथील सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला आणि त्यावर वादळ उठले. त्या वादात आज शिरायचे नाही. आपल्या विषयापुरते एवढेच, की सेवा करणारा माणूस हेतूच्या प्रश्नातून सुटत नाही. औषध कडू की गोड हे रोगी नंतर पाहतो. आधी पाहतो, हा ते का देतो आहे.

मग काहींना गावाने आपले म्हटले आणि काहींना नाही, हे कशावर ठरले? कष्टांवर ठरले असे मला वाटत नाही. कष्ट तर सर्वांनीच केले. शेजारच्या वर्ध्याचे उदाहरण घ्या. इंग्रज नौसेनापतीची कन्या मॅडलीन स्लेड १९२५ साली गांधीजींकडे आली आणि मीराबेन झाली. १९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळच्या सिंदी गावात तिने आणि आश्रमीयांनी बादल्या घेऊन रस्त्यावरची घाण उपसली. याहून खडतर सेवा कोणती? तरी लोकांच्या सवयी लवकर पालटल्या नाहीत. रोज कोणी येऊन आपली घाण उचलतो, यात गावाला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. देणारा एकीकडे आणि पाहणारे दुसरीकडे, अशी वाटणी झाली.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. व्हेरिअर एल्विन १९२७ साली इंग्लंडहून पुण्यास आले, आणि १९३२ साली मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंडांच्या खेड्यात राहायला गेले. त्यांच्या बरोबर होते आपले मराठी शामराव हिवाळे. एल्विनना धर्मप्रचाराची ओढ राहिली नाही. ते गोंडांची गाणी, कथा, रीती लिहून घेऊ लागले, म्हणजे शिकवायला आलेला माणूस शिकू लागला. लोक एल्विनना 'बडा भाई' आणि शामरावांना 'छोटा भाई' म्हणत. १९५४ साली एल्विन भारताचे नागरिक झाले. त्यांच्या नावाचा पुष्कळ बोलबाला झाला. दवाखाना आणि घरसंसार सांभाळणारे शामराव मात्र मागे राहिले, ही खंत मराठी माणसाने बाळगावी अशी आहे.

आपल्या कोलामांची गोष्ट तर अभिमानाने सांगावी. एमेनो या अमेरिकेतल्या भाषापंडिताने वर्ध्याकडील कोलामांच्या बोलीवर ग्रंथ लिहिला. तो १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. ज्यांना शाळेची पायरी दिसली नव्हती अशी माणसे तिथे गुरू होती आणि प्राध्यापक शिष्य होता.

अगदी जवळच्या काळातले नाव मॅक्सिन बर्नसन यांचे. या अमेरिकन बाई १९६६ साली फलटणची बोली अभ्यासायला तेथे राहिल्या, आणि १९७८ साली भारतीय नागरिक झाल्या. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परक्यांना मराठी शिकवणारी पुस्तके केली, आणि फलटणला मराठी माध्यमाची शाळा उभी केली. फलटणने त्यांना 'मॅक्सिनमावशी' म्हटले.

भाई, मावशी. मराठी मुलखात नाते लावणे ही साधी गोष्ट नाही. 'साहेब' ही पदवी आपण भीतीपोटी देतो, 'पाहुणा' सभ्यतेपोटी. पाहुण्याला पाटावर बसवतो, पण त्याच्याकडे वाटीभर साखर उसनी मागत नाही. शेजाऱ्याकडे मागतो, आणि त्यालाही मागू देतो. परदेशी कामकरी ज्या दिवशी उघडपणे मागू लागला, 'मला शब्द सांगा, वाट सांगा, तुमच्यात हे कसे करतात ते सांगा', त्या दिवशी तो शेजारी होऊ लागला. गरज तर पहिल्या दिवसापासूनच होती. ती नोकराच्या पगारात लपवली तर साहेब, आणि बोलून दाखवली तर शेजारी.

आज आपल्या जिल्ह्यात गोरा माणूस क्वचितच दिसतो. पण परका माणूस संपलेला नाही. वणीकडच्या कोळशाच्या खाणींवर परप्रांतीचे कामगार आले आहेत. गावोगावच्या वीटभट्ट्यांवर, रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामांवर अनोळखी भाषा ऐकू येतात. त्यांनाही इथले पाणी बाधते, ऊन लागते, घरची आठवण येते. फरक इतकाच, की साहेबाला आपण घाबरून का होईना नमस्कार केला, आणि यांचे नावही विचारत नाही. दुसरीकडे आपली मुले पुण्याला, आखातात, अमेरिकेत कामाला गेली आहेत. तिथे कोणी त्यांना बाजार दाखवावा, आजारपणात विचारपूस करावी, असे आपल्याला मनापासून वाटते.

जे आपण तिथल्या शेजाऱ्याकडून मागतो, ते इथल्या परक्याला द्यायला आपली तयारी हवी, आणि त्याच्याकडून काही घेण्याचीही. त्याची भाषा दोन शब्द शिकून घ्या, त्याच्या हातची भाजी एकदा खाऊन पाहा. निरोप घेताना आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. परक्याला हा शब्द आपण शिकवला, तर त्याला परत यावेसे वाटेल असे दारही उघडे ठेवले पाहिजे.