तुरीच्या एका पोत्यात किती धडे? दुधनीच्या वर्गासाठी एक टाचण

डिसेंबर उजाडला की दुधनीच्या बाजार समितीत तुरीची आवक सुरू होते. अक्कलकोट तालुक्यातून तर माल येतोच, पण सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या गावांमधूनही येतो. आडतीवर, हमालीत, वाहतुकीत, किराणा दुकानात आपल्या समाजातली अनेक घरं या बाजारावर जगतात. पोटी, हिशोब, भाव, उधारी हे शब्द मुलं शाळेत जायच्या आधीच ऐकत असतात.

तरीही घराघरात एक वाक्य आपण ऐकतोच. "अकरावी-बारावी करून काय करणार? शेवटी दुकानच बघायचंय ना!" मुलीच्या बाबतीत तर वाक्य याहून लवकर येतं आणि त्यानंतर तिची शाळा सुटते. आम्हाला वाटतं, यात दोष फक्त पालकांचा नाही. शाळेत जे शिकवलं जातं त्याचा घरच्या रोजीरोटीशी संबंध दिसत नाही, म्हणून शाळा परकी वाटते. हा संबंध वर्गात कसा जोडता येईल, हे या लेखात आम्ही समजावून सांगणार आहोत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. लागतं ते नीट विचार करून लिहिलेलं पाठ टाचण.

हिशोब येतो, पण गणितात नापास

२०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्या संशोधकांमध्ये होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं तोंडी हिशोब झटपट आणि बिनचूक करतात, पण तशाच तऱ्हेचं गणित पुस्तकी पद्धतीनं कागदावर दिलं की अडतात, असं त्यांना आढळलं. उलट, फक्त शाळेत जाणारी मुलं कागदावरची साधी गणितं सोडवतात, पण बाजारातला खराखुरा हिशोब समोर आला की गोंधळतात.

म्हणजे दोन्हीकडची मुलं अर्धीच शिकली. दुकानावर बसणारा आपला मुलगा 'ढ' नाही. त्याला येतं ते शाळा मोजत नाही, आणि शाळा मोजते ते त्याला कुणी त्याच्या भाषेत जोडून दाखवत नाही. हे जोडून दाखवणं हेच टाचणाचं काम.

कल्पना नवी नाही

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद झाली. तिथल्या विचारांवरून अभ्यासक्रमाची आखणी करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. हेच डॉ. झाकिर हुसेन पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. 'नई तालीम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विचाराचा गाभा असा, की हुनर हा वेगळा तास नसून त्याच हुनरातून गणित, भाषा, भूगोल, विज्ञान शिकवायचं. सूत कातताना लांबी मोजायची, कापूस कुठून येतो ते नकाशावर शोधायचं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम समजून घ्यावं, अशी अपेक्षा आहे. दुधनीत त्यासाठी बाजार समिती आहे, दुकानं आहेत, रेल्वे स्टेशन आहे. लांब जायची गरजच नाही.

सहा तासांचं टाचण

सातवीच्या वर्गासाठी, आठवड्याला दोन तास धरून, तीन आठवड्यांची ही आखणी आहे. प्रत्येक तास पुस्तकातल्या एखाद्या घटकाशी जोडलेला आहे. त्यामुळे "पोर्शन कधी पूर्ण करायचा?" ही शिक्षकांची अडचण वाढत नाही. नवा तास मागायचा नाही, आहे तोच वेगळ्या वाटेनं घ्यायचा.

पहिला तास, भाषा. दुधनीतली मुलं घरी दखनी किंवा उर्दू बोलतात, बाजारात कन्नड ऐकतात आणि शाळेत मराठी वाचतात. आपण याला अडचण म्हणतो, पण ही खरं तर दौलत आहे. फळ्यावर तीन रकाने करायचे. मराठीत तूर, उर्दूत अरहर, कन्नडमध्ये तोगरी. तूरडाळीला कन्नडमध्ये 'तोगरी बेळे' म्हणतात आणि किमतीला 'बेले'. एका अक्षराचा फरक, पण सौद्यात तो चुकला तर हसू होईल. अशा वीस शब्दांचा कोश मुलांनी स्वतः तयार करायचा. अम्मी, दादी, शेजारच्या काकू यांना विचारून शब्द आणायचे.

दुसरा तास, गणित. समजा एका शेतकऱ्यानं ७ क्विंटल ४० किलो तूर आणली आणि ७,००० रुपये क्विंटल भाव मिळाला. रक्कम झाली ५१,८०० रुपये. ५० किलोची १४ पोती भरली, पंधराव्यात ४० किलो. हमाली-तोलाई समजा पोत्यामागे २० रुपये, म्हणजे ३०० रुपये वजा. हातात ५१,५००. आता मुलांना विचारायचं, की २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल जाहीर झाला होता, मग या शेतकऱ्याला भावात किती कमी मिळाले? उत्तर ७,४०० रुपये. दशांश, गुणाकार, वजाबाकी सगळं आलं. आधी तोंडी करायचं, मग तेच कागदावर मांडायचं. हा क्रम महत्त्वाचा, कारण मुलं नेमकी याच पायरीवर अडतात.

तिसरा तास, भूगोल. आपल्या तुरीचा भाव फक्त दुधनीत ठरत नाही. भारत म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांतून तूर आणतो. २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी डाळी खरेदीचा करारही केला. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज ही सरकारी भाषा आहे आणि तिथेही लहान शेतकरीच तूर पिकवतात. त्यांचं पीक आपल्या आधी निघतं. त्यांची जहाजं मुंबईच्या बंदराला लागली की दुधनीतल्या शेतकऱ्याच्या भावावरही परिणाम होऊ शकतो. मुलांनी नकाशावर बैरा बंदरापासून मुंबईपर्यंत दोरा लावायचा. मग प्रश्न विचारायचा: आयात केल्यानं आपल्या शेतकऱ्याचं नुकसान, पण शहरातल्या गरीब घराला डाळ स्वस्त. सरकारनं काय करावं? उत्तर एकच नाही. दोन गट करून बोलू द्यावं. दुसऱ्या देशातल्या माणसाची बाजूही असते हे कळणं, हेच जगाचं भान.

चौथा तास, इतिहास आणि अर्थशास्त्र. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली होती, हे अम्मी-अब्बूंना आठवत असेल. भाव पाहून पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१६-१७ मध्ये देशाचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं. मग भाव हमीभावाच्या खाली आला आणि महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना कमी पडला. मुलांनी घरच्या मोठ्यांची मुलाखत घ्यायची: त्या दोन वर्षांत आपल्या घरात काय झालं? मागच्या वर्षीचा भाव बघून यंदाचा निर्णय घेतला की काय होतं, हे पोरांना या एका उदाहरणात कळतं. मोठ्या धंद्यातही माणसं इथेच फसतात.

पाचवा तास, उद्योग. पाच-पाच मुलांचे गट. समजा १० किलो तूर ७०० रुपयांना घेतली. डाळ करून साधारण ७ किलो मिळते. भरडाईचे ४० आणि पाकिटांचे ३० रुपये धरले तर एकूण खर्च ७७० रुपये, म्हणजे किलोला ११० पडले. १२० नं विकली तर नफा ७० रुपये. पाच जणांत वाटला तर प्रत्येकी १४ रुपये! इथे मुलं गप्प होतात, आणि खरा धडा इथूनच सुरू होतो. आपली मेहनत आपण खर्चात धरलीच नव्हती. आता काय बदलायचं? चुनी जनावरांच्या खाद्याला विकता येईल का? छोटी पाकिटं करायची का? डाळीसोबत सोलापुरी शेंगाचटणी ठेवली तर? कल्पकता म्हणजे नुसती चित्रकला नाही. अडचण समोर असताना तिसरा मार्ग सुचणं हीसुद्धा कल्पकताच आहे.

सहावा तास, विक्री आणि हिशोब. बऱ्याच शाळांत 'बाल आनंद बाजार' भरतो. मात्र अनेकदा सगळं घरून बनवून येतं, मुलं नुसती टेबलामागे बसतात, आणि संध्याकाळी हिशोब कुणी विचारत नाही. टाचणात हा हिशोबच मुख्य ठेवायचा. आदल्या दिवशी अंदाज लिहायचा, नंतर प्रत्यक्ष आकडा, आणि फरक का पडला ते चार ओळींत. तोटा झाला तर त्याचे गुण कापायचे नाहीत. तोट्याचं कारण नीट सांगणाऱ्याला उलट जास्त द्यायचे. वजन पूर्ण, माल स्वच्छ, खराब दाणा वर लपवलेला नाही, यालाही गुण हवेत. मापात खोट करू नये हे आपण घरी शिकवतो. शाळेतही ते गुणपत्रिकेत दिसू द्या.

गल्ल्यावर मुलगी

एक गोष्ट आम्ही आग्रहानं सांगू. असे उपक्रम झाले की मुली आपोआप निवडायला-पाखडायला बसतात आणि पैशाचा डबा मुलांकडे जातो. टाचणातच लिहून ठेवा, की कामं फिरती राहतील. मुलगी गल्ल्यावर बसेल, भाव ठरवेल, वहीत लिहील, आणि मुलगा डाळ निवडेल. ज्या मुलीनं एकदा सबंध हिशोब स्वतः मांडून वडिलांना दाखवला, तिची शाळा सोडवताना ते वडील दोनदा विचार करतील. हजरत खदीजा (रजि.) या मक्केतल्या यशस्वी व्यापारी होत्या, हे आपण मुलींना सांगतोच. मग वहीपेन तिच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

याचा अर्थ मुलांना कामाला जुंपावं असा नाही. हे शिकणं आहे, कमाई नाही. शाळा बुडवून दुकानावर बसवणं आणि शाळेत दुकानाचं गणित शिकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला

हे फक्त मोठ्या शहरात होतं असं कुणी म्हणू नये. माढा तालुक्यातल्या परितेवाडी या लहानशा गावातले जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. २००९ मध्ये ते तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची अवस्था वाईट होती. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, त्यातून मुलांना गाणी, व्हिडिओ, गोष्टी ऐकता-पाहता येऊ लागल्या. पुढे हीच पद्धत राज्याच्या पुस्तकांत आली. कन्नड घरभाषा असलेल्या मुलांसाठी त्यांनी मजकूर त्यांच्या भाषेत आणला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा तणाव असलेल्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतं केलं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

दुधनीच्या मुलांना मोझांबिकच्या वर्गाशी लगेच बोलता येईल असं नाही. पण ज्यांचे नातलग मुंबईत, हैदराबादेत, आखातात आहेत त्यांना एक व्हिडिओ कॉल तर करता येतो: "तुमच्याकडे तूरडाळ कितीला मिळते? कुठल्या देशाची?" पाच शहरांचे भाव फळ्यावर आले की भूगोलाचा तास रंगणारच.

पालकांनी काय करावं

शिक्षकावर सगळं सोडून चालणार नाही. आडतीवर काम करणाऱ्या पालकानं एका तासाला वर्गात येऊन हिशोबपट्टी कशी वाचायची ते दाखवावं. हमाल चाचांनी पोतं कसं उचलायचं, पाठ कशी सांभाळायची ते सांगावं, म्हणजे मुलांना त्या मेहनतीची कदर कळेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावं आणि दप्तराविना दिवसांत काय होणार ते विचारावं. आणि घरी रोज एक प्रश्न: "आज शाळेत शिकलास ते आपल्या कामात कुठं लागतं?" सुरुवातीला मूल खांदे उडवेल, पण विचारत राहा.

शिकलेला मुलगा दुकानावर बसला तर शिक्षण वाया गेलं असं आम्ही मानत नाही. तो भावाचं कारण समजून सौदा करेल, कागद वाचून सही करेल, दुसऱ्या गावची बाजारपेठ शोधेल. आणि वाटलं तर दुकान सोडून दुसरं काही निवडेलही. निवडायची ताकद त्याच्या आणि त्याच्या बहिणीच्या हातात असली पाहिजे. यंदा तुरीची आवक सुरू होण्याआधी आपल्या शाळेतल्या एका शिक्षकाला हे टाचण दाखवा. पहिल्या तासाचे वीस शब्द तर आज रात्री जेवतानाही गोळा करता येतील.